तिथीची पाऊणपट इथे चालत नाही

ये गं सायली, अशी जवळ बस. फोन उचलत नाहीस, मेसेज केला की तो पिवळा अंगठा पाठवतेस. जेवलीस का विचारलं, अंगठा. बाबाचा गुडघा कसा आहे, अंगठा. नर्सरीच्या मॅडमनी तुझी जागा अजून भरलेली नाही असं कळवलं, त्यालाही अंगठा. एम.एस्सी. झालेल्या मुलीला आत्याशी बोलायला एवढंच येतं का गं?

म्हणून मी युक्ती केली. आपल्या ग्रामस्थ मंडळाला गणपतीच्या अंकासाठी लेख हवा होता, विषय दिला 'गाव सोडताना'. मी हो म्हटलं. अंक वाडीत घरोघरी जातो, आणि तुझा बाबा, म्हणजे आमचा विजू, ओटीवर बसून तो मोठ्याने वाचतो हे मला ठाऊक आहे. आता कुठे पळशील? बाकीच्यांनीही वाचावं. मुंबईला आले त्यांनी आणि गावातच राहिले त्यांनीही. कारण वाडीत काय बोललं जातं ते माझ्या कानावर आलंय. सायलीने म्हणे मुंबईत दोन पोरी बुडवल्या आणि पळून आली. कोणी बुडालं नाही. काय झालं ते मी सांगते, मी तिथे खाडीच्या बांधावर होते.

आधी तू गेलीस ती सकाळ. मी दुधाच्या पिशव्या घेऊन वर आले तर तू दारात उभी, पाठीवर सॅक, केस ओले. खाली रिक्षा थांबलेली. कुर्ल्याहून गाडी आहे म्हणालीस. चहा नको, काही नको. मी डब्यात भाकरी घालेपर्यंत लिफ्टचं दार लागलंसुद्धा. बाल्कनीतून वाकून पाहिलं, तू मान वर केली नाहीस. आणि बाल्कनीत तुझे गमबूट. आदल्या दिवशीचा चिखल त्यांच्यावर सुकून भेगा पडलेला, जणू आपलं तळंच उन्हाळ्यात. मुंबईत यायचं, काम शिकायचं म्हणून तू हट्टाने घेतलेले बूट. ते सोडून गेलीस म्हणजे परत न येण्यासाठी गेलीस, एवढं मला कळलं.

मी निघाले होते तेव्हा माझ्याकडे सोडून जाण्यासारखं काही नव्हतं, एक पत्र्याची ट्रंक आणि नवीन लग्नाचा हिरवा चुडा. तुझे काका मुलुंडच्या एका कारखान्यात कामाला. एसटीच्या थांब्यावर सगळी वाडी जमलेली. आई पदर तोंडाला लावून उभी. आबा मात्र खिडकीखाली आले आणि भलतंच बोलले. लेकीला सासरी पाठवताना बाप काय सांगतात, सांभाळून राहा, पत्र घाल. आमचे आबा म्हणाले, "थंय पण खाडी आसा म्हणतत. भरती कधी येता ता माका कळव हां."

बस हलली तरी मला कळेना हसू की रडू. पण आबांचं तसंच होतं. खाडीच्या कडेला शेत, बांध फुटला की खारं पाणी भातात. त्यांचा सगळा दिवस पाण्याच्या वेळेवर चाले. घड्याळ घरात एकच, तेही बंद. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवला. चतुर्थी असली की चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पाणी भरलं. मग सहा तासांनी ओहोटी. बस. या हिशेबावर आम्ही चिखलातून तिसऱ्या-शिंपल्या काढल्या, खाडी ओलांडून शाळेत गेलो, गुरं पलीकडे नेली. सायली, तुलाही हा हिशेब त्यांनीच शिकवला. तू आबांच्या मांडीवर बसून पाऊणपट म्हणायचीस ते मला आठवतंय.

तर मी मुलुंडला आले. पूर्वेला चाळीत खोली. खाडी तिथून चालत जाण्यासारखी, मिठागरांच्या पलीकडे. पण गेले का मी? छे. पहाटे नळाला पाणी, मग डबे, मग मुलं, मग पापडाचं काम. आबांच्या प्रत्येक पत्राखाली एक ओळ असायची: भरतीचं कळव. मी कळवायचे नळाला पाणी कधी येतं ते. पहाटे येतं, कमी दाबाने येतं, आज आलंच नाही. ते एवढ्यावर समाधान मानायचे की नाही कोण जाणे. पुढच्या पत्रात तीच ओळ. असं करत ते गेले, आणि खाडी बघायची राहिलीच.

कारखाना बंद पडला. चाळ पडून टॉवर झाला. तुझे काका गेले. मग मी आठव्या मजल्यावरच्या त्या नव्या घरात बसून काय करायचं? खिडकीतून दूरवर काहीतरी चकाकायचं. मला वाटे पत्रे असतील. एक दिवस शेजारीण म्हणाली, अहो ती खाडी. त्या दिवशी मी चपला घातल्या आणि निघाले. इतकी वर्षं जवळ राहून वाट विचारत विचारत गेले, बोल आता.

तिथे बांधाच्या आतल्या बाजूला हिरवी जाळी लावलेली नर्सरी. एका लहानशा संस्थेची. मृणाल मॅडम, आपल्या विजूच्या वयाच्या असतील, चिखलाच्या पिशव्या भरत बसल्या होत्या. सगळी खारफुटीची झाडं: तिवराची रोपं, चिपीची रोपं, कांदळाच्या त्या लांब शेंगा. त्या शेंगा आम्ही लहानपणी भाल्यासारख्या एकमेकांना मारायचो. आणि इथे त्यांना हातमोजे घालून उचलतात. मी म्हटलं, मी भरू का पिशव्या? अशी माझी नोकरी सुरू झाली. सुरुवातीला नोकरी नव्हतीच, उद्योग होता. पुढे रीतसर ठेवलं त्यांनी.

तुला वाटत असेल आत्याला आधीपासून सगळं येत होतं. काही येत नव्हतं गं. मला झाडाचं नाव येत होतं, पण शेजारच्या दोन तिवरांतला फरक पान उलटं करून बघायचा असतो हे नव्हतं ठाऊक. जीपीएस हातात दिला तर मी तो कानाला लावला होता, मॅडम अजून हसतात. इंग्रजी नावं मी आरतीसारखी चालीवर पाठ केली, भांडी घासताना. चिखलातल्या भोकावरून खेकडा कुठला ते ओळखायला, रोपाची उंची नेमकी कुठून मोजायची ते, फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची ते, सगळं चुकत चुकत. यूट्यूब बघून आणि त्याहून जास्त दुसऱ्यांचं बघून बघून.

आणि पहिली चूक कुठली, तर भरतीची. मी ऐटीत तिथी मोजली, मॅडमना सांगितलं अमक्या वेळेला ओहोटी, चला. गेलो, तर पाणी आपलं नाल्यात डुलतंय. बसलो बांधावर. मॅडमनी मोबाइलवरचं टाइमटेबल काढलं, तेही चुकलं. कारण तिथी काय आणि मोबाइल काय, दोघं बोलतात खाडी समुद्राला मिळते तिथलं. मुलुंड पडलं खाडीच्या पार आत, चिंचोळं, गाळाने भरलेलं. पाणी इथे उशिरा पोचतं. आणि नुसता उशीर असता तर मिळवलं असतं. ते चढतं भराभर आणि उतरतं रेंगाळत. गावच्या खाडीसारखं सहा-सहा तासांचं समान नाही. मग आम्ही नाल्याच्या तोंडाशी एक बांबू रोवला, त्यावर रंगाचे पट्टे मारले. पाणी कुठल्या पट्ट्याला आहे ते बघायचं, दुसरा पट्टा भिजला की सगळ्यांनी बाहेर. पंचांग नाही, मोबाइल नाही, काठी. मला हे उमगायला एक पावसाळा आणि एक थंडी गेली.

तू आलीस तेव्हा तुझ्याकडे पहिल्या वर्गाची डिग्री होती आणि हात कोरे होते. राग नको मानू, खरं तेच सांगते. कॉलेजात तुम्हाला फळ्यावर जंगल दाखवतात. लाकडी चौकट जमिनीवर टाकून आतली रोपं मोजायची म्हटलं तर तुला वाटलं हे तर सोपं, आणि पहिल्या दिवशी तू चौकट नेमकी दाट जागा बघून टाकलीस, चांगलं दिसावं म्हणून. मॅडम म्हणाल्या, "सायली, आपल्याला छान उत्तर नकोय, खरं हवंय." तोंड एवढंसं झालं होतं तुझं. पण दुसऱ्या दिवसापासून पाठ फिरवून चौकट मागे फेकायला लागलीस. तेव्हाच मला वाटलं, ही टिकणार. रोपं लावण्यापेक्षा रोप का मेलं ते शोधण्यात तुला जास्त रस. संध्याकाळी घरी येऊन जेवताना तेच. आत्या, बांधाजवळची जगली आणि नाल्याजवळची का नाही? मी म्हणायचे, आधी आमटी वाढून घे. मला काय मजा यायची सांगू, त्या घरात कोणीतरी चिखलाबद्दल भांडतंय.

आता तो दिवस. थंडी संपत आली होती. पौर्णिमा होऊन गेलेली, उधाणाचं पाणी. तू पहिल्यांदा एकटीने टीम घेऊन जाणार होतीस, कॉलेजच्या दोन मुली शिकायला आलेल्या, घाटकोपरची हेतल आणि तिची मैत्रीण. हे नीट पार पडलं की फील्डची जबाबदारी तुझ्याकडे कायमची, असं मॅडमनी सांगितलेलं. बांबू आदल्या पावसाळ्यात वाहून गेला होता, नवीन रोवायचा राहिला होता. तू म्हणालीस, काठी कशाला, मला पाऊणपट येते. मी नर्सरीत रोपं वेगळी करत होते, ते बोलणं मला नंतर कळलं.

तू वेळेवर गेलीस, पाणी उतरलेलं नव्हतं. थांबलीस. ते बरोबर केलंस. मग पाणी गेलं आणि तू हिशेब केलास की सगळंच उशिरा आहे, म्हणजे परत येणारं पाणीही तेवढंच उशिरा येणार. आपल्या वाडीतली कोणीही मुलगी हाच हिशेब करेल. आबांनीही हाच केला असता. तुम्ही तिघी नाला ओलांडून पलीकडच्या चिखलात गेलात, चौकटी टाकल्यात, मोजायला लागलात. आणि मागे नाला भरत होता.

मला ओरडा ऐकू आला तेव्हा मी दोर घेऊन बांधावर धावले. हेतलची मैत्रीण अलीकडे पोचली होती. हेतल नाल्याच्या काठाला मांडीपर्यंत रुतलेली, घाबरून पाय झाडत होती, आणि पाय झाडले की चिखल जास्त धरतो. पाणी तिच्या कमरेशी यायला लागलेलं. तू अलीकडे येऊ शकत होतीस, सायली. तू मागे वळलीस. जीपीएस, कॅमेरा, सगळी बॅग टाकून दिलीस. तिला म्हणालीस, "हेतल, माझ्याकडे बघ. मागे झोप. पलंगावर झोपतो तशी झोप." ती झोपली. तू चौकट तिच्या पाठीखाली सरकवलीस आणि एकेक पाय सोडवलास, सावकाश, जणू वेळच वेळ आहे. मग मी दोर टाकला. तिचा बूट खाडीत राहिला, तुझी बॅग वाहून गेली. माणूस एकही गेलं नाही.

हे वाडीने ऐकावं म्हणून मी लिहितेय. हिशेब चुकला हे खरं. आणि मुलगी बाहेर काढली हेही खरं. दोन्ही एकाच सकाळी.

पण संध्याकाळी हेतलचे पप्पा नर्सरीत आले. घाबरलेला बाप होता, त्याला मी दोष देत नाही. ते मॅडमना म्हणाले, "गावाहून आलेल्या पोरीच्या भरवशावर आमच्या मुली पाठवता?" तू जाळीच्या पलीकडे उभी होतीस. तेवढं वाक्य ऐकलंस आणि पुढचं ऐकायला थांबली नाहीस. मॅडम काय म्हणाल्या ते तुला कोणी सांगितलं नसेल. त्या म्हणाल्या, काठी नसताना टीम आत सोडली हे माझं चुकलं, आणि तुमची मुलगी इथे बसून चहा पितेय ती त्याच पोरीमुळे. तू तोवर घरी येऊन सॅक भरत होतीस.

मी मे महिन्यात गावी आले, तर तू आजोळी जाऊन बसलेली. आत्या येणार म्हटल्यावर बरोबर त्याच आठवड्यात आजीची तब्येत बिघडली तुझ्या. असो. विजू म्हणाला, "शिकला तितक्या पुरे झाला. पतपेढीत चिकटवतंय तिका." मी तुझ्या खोलीत झोपले. भिंतीवर तू लहानपणी चिकटवलेली पानं अजून आहेत, एकाखालीही नाव चुकलेलं नाही.

आणि मग माझी फजिती झाली, ती विजूने सगळ्यांना सांगितलीच असेल, पण माझ्या तोंडून ऐक. मला पलीकडच्या देवळात जायचं होतं. ओहोटीची वेळ काढून मी खाडी पायी ओलांडायच्या उताराशी जाऊन उभी राहिले, पिशवीत नारळ. पाणी उतरेना, उलट वाढायला लागलं. ऊन डोक्यावर. मला कळेना खाडीला काय झालं. विजू सायकल थांबवून बघत राहिला, मग म्हणाला, "ताये, ओहोटी कवाच झाली गो. मुलुंडचा घड्याळ हंय चालणा नाय." मी मुलुंडचा उशीर मिळवून बसले होते. आबांच्या खाडीवर, आबांच्या लेकीने.

विजू हसला, मीही हसले. पण घरी येताना मी वाटेत दोनदा थांबून खाडीकडे वळून बघितलं. इतकी वर्षं मी मुंबईत सगळ्यांना सांगत आले की माझं घर तिकडे, इथे मी आपली राहते. आणि अंगातलं पाणी कधी बदललं ते कळलंच नाही. तेव्हापासून मला चैन नाही गं. इथे असले की वाटतं तिथली खाडी मला विसरली. तिथे चार दिवस झाले की नर्सरीतल्या रोपांना कोण पाणी घालत असेल म्हणून जीव खाली-वर. विजू म्हणतो, ताये, तू बसलीस तरी बसल्यासारखी दिसत नाहीस.

पण त्या उताराशी उभी असताना एक गोष्ट लख्ख कळली, ती सांगायलाच हा सगळा पसारा. तू केलीस ती आणि मी केली ती, चूक एकच. एका खाडीची वेळ दुसरीला लावली. मी नारळ घेऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, खाडीने मला हाकललं नाही. तू मात्र एकदा चुकलीस आणि खाडी सोडलीस. आता पतपेढीत बसून शिक्के मारशील, आणि नाल्याजवळची रोपं का मरतात हे कोण बघणार? अजून मरतायत. मी मोजतेय, पण मला फक्त मोजता येतं. का, ते तुझं काम.

हेतल परत येते नर्सरीत, दर शनिवारी. नवीन गमबूट घेतले तिने, एक नंबर मोठे, आत दोन मोजे घालते. मला विचारते, "काकी, ताई कधी येणार? दुसऱ्या कोणाबरोबर मला आत नाय जायचं." तिचे पप्पा तिला सोडायला येतात, गाडीतून उतरत नाहीत, पण परवा काच खाली करून विचारलं, "त्या बेनचं काय झालं?" मी म्हटलं, येणार आहे. खोटं बोलले की खरं, ते तुझ्या हातात.

मॅडम गणपतीपर्यंत थांबतायत. त्यापुढे त्यांनाही कोणीतरी घ्यावंच लागेल, पावसाळ्यानंतरची मोजणी थांबत नाही. विजू, तू हे मोठ्याने वाचत असशील, तर तुलाही सांगते. आबांनी पोरीला पाऊणपट शिकवली ती पतपेढीसाठी नव्हे. तिला अडवू नको रे बाबा.

आबांना कळवायचं राहिलं ते आता तुला कळवते, सायली. मुलुंडच्या खाडीत पाणी गावापेक्षा उशिरा भरतं, भराभर चढतं आणि रेंगाळत उतरतं. किती, ते मला नक्की सांगता येत नाही, कारण नवीन बांबू अजून रोवलेला नाही. आणून ठेवलाय, पट्टे रंगवलेत, नाल्यात उभा धरायला दुसरं माणूस हवं. मंडळाने 'गाव सोडताना' म्हटलं की घर म्हणजे काय हे सांगावंच लागतं. मला आता एवढंच येतं सांगता: जिथल्या पाण्यासाठी आपण काठी रोवायला जातो ते. माझी दोन झाली, त्याला काय करू.

गौरी-गणपती नीट होऊ दे, मोदक खा, आजोळच्या आजीला माझा नमस्कार सांग. आणि त्यानंतर जी अष्टमी येईल तिच्या आदल्या दिवशी निघ. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, जोर नसतो त्याला, दुपारी आरामात काम होईल. राहायचं नसलं तर राहू नकोस, बांबू रोवून परत जा. गमबूट मी धुतलेत, बाल्कनीत उलटे घातलेत. पण ये लवकर, गं. कुर्ल्याला उतरलीस की फोन कर, अंगठा नको.